वेगाचा आवाज

काही माणसांना दुसऱ्याची प्रगती बघवत नाही. मी कुणाचं नाव घेणार नाही. आमच्या घरात माणसं तीनच. त्यातला एक मी आणि एक माझी बायको, एवढं सांगून थांबतो.

सुरुवात अगदी साध्या निर्णयानं झाली. मला ऑफिसला पोचायला बावीस मिनिटं लागत आणि ती मला जास्त वाटत. (मला सगळ्याच गोष्टींना लागणारा वेळ जास्त वाटतो. लग्नाचा निर्णय मी अकरा मिनिटांत घेतला. त्यातली नऊ मिनिटं मीच बोलत होतो, असं बायको म्हणते.) दोष माझ्या पायांचा नव्हता, बाबांकडून आलेल्या सायकलचा होता. बाबा एकतीस वर्षं पोस्टमन होते आणि ती एकतीस वर्षं त्यांनी या एकाच सायकलवर काढली. काळी, अवजड, पुढच्या कॅरिअरसकट. तिचा स्टँड लावताना शेजारच्या घरातली माणसं जागी होत.

मी नवी सायकल मागवली. हलकी, बारीक टायरची, एकवीस गिअरची. ती खोक्यात सुटी आली.

"मिस्त्रीकडून जोडून घे," बाबा म्हणाले.

"सोबत पुस्तिका आहे, बाबा. शिकलेल्या माणसाला मिस्त्री कशाला लागतो?"

रविवारी सकाळी मी पाना हातात घेतला आणि दीड तासात सायकल उभी केली. तीन वायसर उरले. पुस्तिकेत लिहिलं होतं दोन तास. म्हणजे मी तिथंही अर्धा तास वाचवला. मग गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर मारून आलो. हँडल जरा हलत होतं, पण नवी वस्तू वापरानं बसते. चालताना मागून बारीक, सलग 'शूंऽऽ' असा आवाज येत होता.

"हा आवाज कसला रे?" बाबांनी विचारलं.

"वेगाचा."

बाबांनी मान तिरकी करून पुन्हा ऐकलं. "बरं," म्हणाले. संध्याकाळी "जरा फिरवून आणतो" म्हणून तेच ती घेऊन गेले. (म्हाताऱ्यालाही मोह आवरेना, असं मी बायकोला डोळ्यांनी सांगितलं.)

खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी उभा राहिला. आमच्या घराच्या बोळात एकच सायकल मावते. दोन ठेवल्या की माणसानं तिरकं होऊन, पोट आत घेऊन घरात यायचं. बायकोची नडगी दोनदा सोलली. मी म्हटलं, जुनी भंगारात देऊ.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "वेग सायकलीत नसतो. पायात असतो."

"हे तुमचं मत झालं. मी मोजमाप मानतो."

"मग मोज ना," बायको म्हणाली. ती औषधांच्या दुकानात काम करते. अर्ध्या गोळीचासुद्धा हिशेब ठेवणारी बाई. "घरापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि परत. दहा दिवस. एक दिवस ही, एक दिवस ती. वेळ मी लावते. जी हळू ठरेल ती बोळातून बाहेर जाईल. चालेल, बाबा?"

बाबांनी जुन्या सायकलकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "चालेल, सूनबाई."

मला त्यांची दया आली. खरंच आली. मी मनात ठरवलं, भंगारवाला येईल त्या दिवशी त्यांना माझ्या बहिणीकडे पाठवायचं.

पहिला दिवस, नवी सायकल : चोवीस मिनिटं. दुसरा दिवस, जुनी : एकवीस.

"वारा समोरून होता," मी म्हटलं.

"जाताना समोरून होता, मग येताना पाठीमागून असेल," बायको वहीत लिहीत म्हणाली.

तिसऱ्या दिवशी चोवीस. मी दप्तर, डबा, पाण्याची बाटली, सगळं घरी ठेवून गेलो होतो. पाचव्या दिवशी घड्याळही काढून ठेवलं. पंचवीस. सातव्या दिवशी केस कापून घेतले. मांड्यांत गोळे आले, जिना चढताना कठड्याला धरावं लागे. आणि एक दिवसाआड बाबांचं ते काळं धूड मला मुकाट्यानं एकवीस मिनिटांत नेऊन आणत होतं. उतारावर तर मला ते आवरायला लागे.

बाबा मात्र विजयी माणसासारखे वागत नव्हते. रोज मी आलो की पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे. एकदा पायाला तेलही चोळून दिलं. "राहू दे रे," म्हणाले, "कशाला एवढं धावतोस? दोन्ही ठेवू. मी तिरका होऊन येत जाईन."

पण तत्त्व म्हणजे तत्त्व. दहाव्या दिवशी बायकोनं सरासरी वाचली आणि मी जेवणाच्या टेबलाशी उभं राहून जाहीर केलं, की पुराव्यापुढे मी नम्र आहे, माणूस यंत्रापेक्षा मोठा आहे, आणि नवी सायकल मी उद्या मिस्त्रीकडे विकायला ठेवणार. बायको म्हणाली, "आता बस, भात गार होतोय." बाबा ताटात बघत जेवत होते. त्यांना भरून आलं असावं.

सकाळी मी सायकल मिस्त्रीच्या दुकानात नेली. त्यानं सीट धरून मागचं चाक उचललं आणि फिरवलं. चाक अर्धा फेरा फिरून थांबलं.

"दादा, चालवत होता की ओढत होता?"

त्यानं मागच्या ब्रेकचा एक स्क्रू दोन आटे सैल केला आणि चाक परत फिरवलं. ते फिरत राहिलं. मी बघत राहिलो. त्यानं एक विडी पेटवली, तरी फिरतच होतं. आवाज अजिबात नव्हता.

म्हणजे दहा दिवस, एक दिवसाआड, मी ब्रेक दाबून सायकल चालवत होतो. (तो ब्रेक कुणी बसवला होता, हा तपशील महत्त्वाचा नाही.)

"प्रयोगच रद्द," मी सायकल त्याच्या हातातून ओढून घेत म्हटलं. "आत्ता घरी जातो आणि बाबांना दाखवतो."

"त्यांना काय दाखवता?" मिस्त्री म्हणाला. "ते पहिल्याच संध्याकाळी घेऊन आले होते ना ही. हँडलचा नट सुटत आला होता, तो समोर उभं राहून घट्ट करून घेतला. पोरगं तोंडावर पडेल म्हणाले. मी म्हटलं, काका, मागचा ब्रेकपण घासतोय, सोडवून देतो. तर म्हणाले, नको, तो तसाच राहू दे. आमच्या घरात त्याला हळू जा म्हणणारं आणि ज्याचं त्यानं ऐकावं असं तेवढं एकच आहे."