आठव्या तासाची कैफियत

शुक्रवारचा आठवा तास समुपदेशनाला आला, तेव्हा मृदुला घोरपडे डबा खात होती. तिने डब्याला झाकण लावलं आणि स्टूल पुढे केलं. तास अंग चोरून बसला.

वाघोशीच्या त्या शाळेत ती आल्यापासून तिच्या खोलीकडे कुणी फिरकलंच नव्हतं. मानसशास्त्रात एम.ए. झालं की आपण शालेय समुपदेशक झालो, अशी तिची समजूत होती. पण नुसत्या पदवीवर भागत नाही. परवाना मंडळाचा नियम असा, की उमेदवाराने वर्षभर एखाद्या शाळेत मुख्याध्यापकांच्या देखरेखीखाली काम करायचं आणि निदान एक प्रकरण तडीस नेऊन दाखवायचं. इथे मुलं तर तिच्या दारावरून जाताना पळतच जात, कारण डोकं फिरलेल्यांना तिथे नेतात असं सातवी ‘ब’च्या वर्गात केव्हाच ठरून गेलं होतं.

परवाना नाही मिळाला, तर मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात परत बसायचं होतं. मामा माणूस भला, पण येईल त्या गिऱ्हाइकाला “आमची भाची एम.ए. आहे बरं का” असं सांगून तिच्याकडून आधार कार्डाच्या प्रती काढून घेई. तिला मेल्याहून मेल्यासारखं होई. तेव्हा कोण का असेना, कुणीतरी आलं हेच पुष्कळ होतं.

“बोला,” मृदुला म्हणाली.

“मी खेळाचा तास,” तास म्हणाला. “म्हणजे वेळापत्रकात तरी तसं लावलंय. पण शाळा उघडली त्याच आठवड्यात कुंभोजकर सर खडू घेऊन वर्गात आले. म्हणाले, ‘पोर्शन राहिलाय.’ तेव्हापासून माझ्यात गणितच चालतं. पोरं मला बघून सुस्कारा टाकतात, बाई. मला बघून.”

“मग तुमचं काय होतं?”

“मी लांबतो,” तास खाली बघत म्हणाला. “गणितात मी फार लांबतो.”

मृदुलाने त्याला सल्ला दिला नाही. सल्ला द्यायचा नसतो, हे एम.ए.च्या पहिल्याच वर्षात शिकवतात. ती ऐकत राहिली. तास मधल्या सुट्टीत येऊ लागला, कारण स्वतःच्या वेळेला त्याला ड्यूटी असे. मग तिने त्याच्याकडून सराव करून घेतला. ती हातात खडू घेऊन कुंभोजकर सर व्हायची आणि म्हणायची, “पोर्शन राहिलाय.” तासाने म्हणायचं, “राहू दे.” सुरुवातीला त्याच्या तोंडून शब्द फुटेना. दिवाळीच्या सुट्टीनंतर फुटला.

त्या शुक्रवारी कुंभोजकर सर वर्गात गेले, पण तास सुरूच झाला नाही. घंटा झाली, सरांनी फळ्यावर उदाहरण घातलं, आणि ते सोडवायला वेळच नव्हता. घड्याळाचा काटा जागचा हलेना. सर तणतणत मुख्याध्यापक भोईटे सरांकडे गेले आणि तो तास आपल्याला नको, असं सांगून आले.

भोईटे सरांनी मृदुलाला बोलावून घेतलं.

“बाई, काम छान चाललंय तुमचं,” ते म्हणाले. “मंडळाच्या शेवडे मॅडम शुक्रवारी पाहणीला यायच्यात. परवान्यासाठी समुपदेशनाला वेळापत्रकात हक्काचा तास लागतो, ठाऊक आहे ना? तर आठवा तास मोकळा झालाच आहे. तो तुमच्या नावावर टाकतो.”

मृदुलाला आनंद झाला, आणि झाला याचीच तिला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने तासाला सगळं सांगितलं.

“म्हणजे तुम्हीपण,” तास म्हणाला.

तिने डब्याला झाकण लावलं.

“घ्या, बाई. गणितापेक्षा बरं.”

तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

शुक्रवारी शेवडे मॅडम उंच टाचांच्या चपला वाजवत आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. मृदुलाने फळ्यावर ‘ताणतणाव आणि आपण’ असं लिहिलं होतं. मुलांनी वह्या काढल्या. तास दाराशी उभा होता, हजेरी द्यायला आल्यासारखा.

मृदुलाने खडू खाली ठेवला.

“मुलांनो, पोर्शन राहिलाय,” ती म्हणाली, आणि अख्ख्या वर्गाने सुस्कारा टाकला. “खेळाचा. जूनपासूनचा सगळा राहिलाय. चला मैदानावर.”

वर्ग रिकामा व्हायला काही वेळ लागला नाही. कुणी लंगडी मांडली, कुणी लगोरीला फरशीचे तुकडे शोधले, आणि काहीजण नुसतेच ओरडत गोल गोल धावले. मृदुला पायरीवर बसली. परवाना गेला, हे तिला पक्कं समजलं होतं, आणि मामाच्या दुकानातलं ते यंत्र डोळ्यांपुढे दिसत होतं.

शेवडे मॅडम तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“समुपदेशन कुठाय?”

“चालू आहे.”

“आणि तुमचं प्रकरण?”

“ते बघा, लिंबाच्या झाडाखालून धावतंय.”

मॅडमनी तिकडे पाहिलं. तेवढ्यात घंटा झाली. त्यांनी घड्याळ बघितलं, हलवलं आणि कानाला लावलं.

“अहो, आत्ता तर आलो आपण. पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील.”

“पूर्ण तास झाला, मॅडम,” मृदुला म्हणाली. “तो आधी फार लांबायचा.”

शेवडे मॅडमनी पर्समधून परवाना आणि शिक्का काढला, तिथेच पायरीवर शिक्का मारला आणि खाली सही केली. मग मैदानाकडे बघत म्हणाल्या, “पण नियमाप्रमाणे पाहणी अपुरीच राहिली. मला पुढच्या शुक्रवारी परत यावं लागेल.”

“या ना.”

मॅडमनी आपल्या टाचांकडे पाहिलं.

“सपाट चपला घालून येते,” त्या म्हणाल्या.