यासीनभाईंचे पंखे

‘कासमचाचा आज फार तापलेत, त्यांना जरा आराम द्या,’ असं यासीनभाई म्हणाले तर घाबरू नका. कासमचाचा जाऊन कैक वर्षं झाली. तापलाय तो त्यांच्या नावाचा पंखा.

निगडीच्या आमच्या मुलींच्या मदरशात ही रीत आहे. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाने पंखा द्यायचा. वारा मुलींना, पुण्य मेलेल्याला. पात्यावर नाव रंगवायचं आणि मोटर जळली की वाइंडिंग करायचं काम यासीनभाईंचं. पैसे घेत नाहीत, पण तोंडही आवरत नाहीत. माझ्या नवऱ्याचा पंखा हळू फिरतो अशी तक्रार केली, तर म्हणाले, ‘आपा, ते कंपनीत तरी कधी वेळेवर पोचले?’ खोटं नव्हतं.

आता मदरसा चाकणच्या पलीकडे मोठ्या जागेत चाललाय. भिंती उभ्या राहिल्या, छतासाठी चंदा गोळा होत होता. नवे पंखे एका कारखानदाराने दिले. मदरशाचा तरुण सेक्रेटरी म्हणाला, जुने भंगारात देऊ, तेवढाच छताला हातभार.

यासीनभाई दारात आडवे. ‘बापाला भंगारात देशील?’

‘चाचा, माझे अब्बा जिवंत आहेत.’

‘म्हणून तर त्यांचा पंखा नाही!’

शेवटी ठरलं, यासीनभाई जेवढे दुरुस्त करतील तेवढे तिकडे लागतील. डोळ्यांना धड दिसत नाही, तरी महिनाभर तारा गुंडाळत बसले. एकही पंखा सोडला नाही.

सेक्रेटरी टेम्पो घेऊन आला. एका पंख्यावर नावच नव्हतं. ‘हा कुणाचाच नाही. हा तरी भंगारात जाऊ द्या.’

यासीनभाई फडक्याने पातं पुसत राहिले.

मग मीच सांगितलं. त्यांना एक मुलगी झाली होती. आमच्यात नाव सातव्या दिवशी ठेवतात. ती चौथ्या दिवशी गेली. शेवटची आंघोळ मीच घातली. पुढे मूल झालं नाही.

सेक्रेटरीने तो पंखा स्वतः उचलून टेम्पोत ठेवला.

छत झाल्यावर नव्या जागेत तो सगळ्यात लहान मुलींच्या वर्गात लावला. वर्ग अजून भरायचा होता. यासीनभाईंनी बटण मला दाबायला लावलं. पंखा फिरू लागला, तसे ते घाईने बाहेर गेले आणि बराच वेळ आपल्या चपला शोधत राहिले.

दारात आमच्या दोघांच्याच चपला होत्या.