नळीचा भाव किलोने

"आठ," हितेंद्रभाऊ मागून म्हणाले आणि वहीत आठ लिहिला. "दोन रुपये ऐंशी पैसे गेले."

मोहिनीने रायफलीत पुढचा छर्रा भरला. दहा मीटरवर, केळीच्या पॅकिंग शेडच्या पलीकडच्या भिंतीवर, सुपारीएवढा काळा ठिपका असलेला कागद टांगला होता. तिने श्वास रोखला, नेम धरला, चाप दाबला.

"नऊ. हा बरा. पण पैसे तेवढेच."

सावद्याच्या हितेंद्र फिरक्यांची केळी वीस एकर आणि वह्या एकवीस होत्या. खत, मजुरी, ड्रिप, डिझेल, प्रत्येकाची वेगळी. एकविसावी मोहिनीच्या एअर रायफलीची. दोन वर्षांत किती छर्रे उडाले, त्यातले किती नेमके मधल्या दहात गेले आणि एक दहा बापाला केवढ्याला पडला, हे त्या वहीत पैशापर्यंत लिहिलेलं होतं. मुलीच्या खेळात एवढं लक्ष घालणारा बाप पंचक्रोशीत नाही, असं ते स्वतःच सांगत. ते खरंही होतं.

वीस दिवसांनी धुळ्याला निवड चाचणी होती. पहिल्या चौघी राज्य स्पर्धेला जाणार. गेल्या वर्षी मोहिनी पाचवी आली होती, आणि तेव्हाच घरात ठरलं होतं की यंदा निवड झाली तर रायफल राहील. नाही तर ती विकून मोहिनीला जळगावला नीटच्या क्लासमध्ये घालायचं. मोहिनीला नीट नको होतं. तिला तो सुपारीएवढा ठिपका हवा होता. आणि नेमका महिनाभर तो तिच्या हाती लागत नव्हता.

"नळी झिजली," हितेंद्रभाऊंनी त्या संध्याकाळी जेवताना निदान केलं. "एकतीस हजार छर्रे गेले तिच्यातून. आपल्या ड्रिपच्या नळ्या दोन वर्षांत जातात, त्यातून तर नुसतं पाणी जातं."

"रत्ना मॅडमला विचारू का?" मोहिनी म्हणाली. रत्ना मॅडम जळगावच्या रायफल क्लबच्या प्रशिक्षक. मोहिनी महिन्यातून एका रविवारी त्यांच्याकडे जायची.

"त्यायले कशाले? त्या म्हणतील, कंपनीचीच घ्या. त्यायच्या खिशातून पैसे थोडेच जातात."

"मी काय म्हणते," दीपमालाबाई भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "पोरगी नेम धरते तेव्हा तुम्ही जरा घरात येऊन बसत जा."

"अन् आकडे कोण लिहील?"

यावर दीपमालाबाईंनी दुसरी भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी चौकशी सुरू झाली. मुंबईच्या एजंटाने कंपनीच्या नळीचा भाव सांगितला: बावन्न हजार, आणि परदेशातून यायला सहा आठवडे. घाई असेल तर विमानाने आठ दिवसांत, त्याचे वर नऊ हजार.

"वजन किती?" हितेंद्रभाऊंनी विचारलं.

आजवर त्या एजंटाला हे कुणी विचारलं नसावं. "आठशे ग्रॅम असेल साहेब. का?"

"म्हणजे किलोला पासष्ट हजार," हितेंद्रभाऊ म्हणाले आणि फोन ठेवला. केळीला त्या दिवशी किलोला अठरा रुपये बोर्डभाव होता.

मग कुणीतरी धुळ्याच्या अमृत मिस्तरीचं नाव सांगितलं. त्याचं एमआयडीसीत लेथचं दुकान होतं, आणि मागच्या बाजूला घर. हितेंद्रभाऊ रायफल घेऊन पिकअपने धुळ्याला गेले. मिस्तरीने नळी डोळ्याला लावली, एक टोक उजेडाकडे धरून पाहिलं आणि खाली ठेवली.

"नवी करी देसू भाऊ. पंधरा दिनमा."

"तुम्हाला अनुभव आहे ना? पोरीची निवड आहे."

"तीस वरीस व्हई ग्यात. जत्रामधल्या फुगा फोडाना बंदुका बठ्ठ्या मीच करस. पिंपळनेर, साक्री, पार नवापूरपावत. आजपावत एक बी मालकनी तक्रार नही."

हे ऐकून हितेंद्रभाऊंचं समाधान झालं. फुग्याच्या दुकानाचा मालक तक्रार कधी करतो, फुगा फुटल्यावर की न फुटल्यावर, एवढा एकच प्रश्न त्यांना सुचला नाही. एरवी त्यांना वीस प्रश्न सुचत.

"कितीला?"

"चौदा हजार. हलकी करू का भारी?"

"भारी म्हणजे किती भारी?"

"दीड किलो, वर शंभर ग्रॅम. एकदम मजबूत."

हितेंद्रभाऊंनी मनात भागाकार केला. किलोला पावणेनऊ हजार. कंपनीपेक्षा सातपट स्वस्त, आणि माल दुप्पट. त्यांचा चेहरा उजळला, तरी सवयीने ते म्हणाले, "जुनी नळी वजा करा."

"सातशे देस."

"हजार."

"आठशे. नही तर लई जा."

जुनी नळी आठशेला गेली. वीस एकरांचा हा धनी त्या दिवशी धुळ्याहून निघाला तेव्हा कंपनीला सत्तेचाळीस हजार आठशेने फसवल्याच्या आनंदात होता.

नवी नळी येईपर्यंत मोहिनीकडे नळीशिवायची रायफल होती. पंधरा दिवस तिने नुसती ती खांद्याला लावून नेम धरायचा सराव केला. मागे बसून लिहिण्यासारखं काही नसल्याने हितेंद्रभाऊ शेडमध्ये येतच नव्हते. पंधरा दिवस बरे गेले, असं मोहिनीने आईला सांगितलं. आईने मान डोलावली.

नवी नळी चाचणीच्या तीन दिवस आधी आली. ती बसवल्यावर रायफलीचं तोंड जमिनीकडे जाऊ लागलं.

"पप्पा, पुढून जड वाटते."

"सवय व्हईल. पाण्याचा हंडा घेतला तर पहिल्यांदा जडच लागतो." त्यांनी वही उघडली. "हं, मार. सात. नवी आहे, बसायले वेळ लागेल."

रविवारी सकाळी धुळ्याच्या स्टेडियमवर साहित्य तपासणीची रांग लागली. मोहिनीची पाळी बारा वाजता होती. टेबलावरच्या अधिकाऱ्याने रायफल काट्यावर ठेवली आणि चष्मा वर केला.

"पाच किलो नऊशे. मर्यादा साडेपाचची आहे. ही चालणार नाही."

हितेंद्रभाऊ पुढे झाले. आजवरचं सगळं आयुष्य त्यांनी काटा कमी दाखवतो म्हणून भांडण्यात घालवलं होतं. काटा जास्त दाखवतो म्हणून भांडायची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळे सुरुवातीला त्यांची जीभ जरा अडखळली.

"साहेब, तुमचा काटा चढा आहे."

"तपासणीचा शिक्का आहे काका, बघा."

"शिक्का काय, शिक्के व्यापाऱ्याकडेही असतात." त्यांनी खिशातला मोबाइल काढून काट्यावर ठेवला. एकशे नव्वद ग्रॅम. मोबाइलच्या खोक्यावर छापलं होतं तेवढंच. ते थोडे गोंधळले, पण माघार घेणाऱ्यातले नव्हते. "बरं, मग दांडा वजा करा."

"कसला दांडा?"

"हा, लाकडाचा. केळीच्या घडातून दांड्याचं वजन वजा करतातच ना? आम्हाला न विचारता करतात. छर्रा काय दांड्यातून जातो का?"

"काका, ही रायफल आहे. घड नाही."

रांगेतल्या मुली हसू दाबत होत्या. मोहिनी जमिनीकडे पाहत होती. तेवढ्यात रत्ना मॅडम आल्या, त्यांनी नळीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ही कुणी बदलली? आणि का?"

"झिजली होती," हितेंद्रभाऊ म्हणाले. "पण जुनी इथेच आहे मॅडम, धुळ्यातच. एमआयडीसीत. मी गेलो आणि आलो."

"फिरकेसाहेब, ऐका तरी, आपल्याकडे..."

पिकअप सुरू झालेली होती. मोबाइल काट्यावरच राहिला.

अमृत मिस्तरी ओट्यावर दात घासत होता. "जुनी नळी? ती हिलालना बंदुकले लाई दिधी. फुगावाला. साक्रीना यात्रामा बसेल शे तो."

साक्री तिथून तासाभरावर. हितेंद्रभाऊंनी घड्याळ पाहिलं. पावणेदहा वाजले होते. त्यांनी हिशेब केला आणि बारापर्यंत परत येता येईल असं उत्तर काढलं. यात्रेच्या गर्दीत पिकअप आत घालायला आणि बाहेर काढायला लागणारा दीड तास त्या हिशेबात नव्हता.

फुग्याच्या दुकानाभोवती दाटी होती. मध्ये साठी ओलांडलेली एक बाई, चष्मा दोऱ्याने डोक्याला बांधलेला, बंदूक खांद्याला लावून उभी होती. फट. लाल फुगा गेला. फट. पिवळा गेला. लोक टाळ्या वाजवत होते. बाजूला दुकानाचा मालक हिलाल मांडीवर हात ठेवून, घरात मयत झाल्यासारखा बसला होता.

"ती नळी माझी आहे," हितेंद्रभाऊ धापा टाकत म्हणाले.

हिलालने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "तुमनी शे? मंग लई जा भाऊ, पाया पडस. सकायपाईन बक्षीसना सहा स्टीलना डबा ग्यात. जो येस तो फोडस. ह्या सुनंदाअक्कानी एकलीनी दोन डबा लिधात."

"अहो, पण ही झिजलेली आहे."

"झिजेल? भाऊ, सरय जास. एकदम सरय. मना धंदा बुडी गया."

"मना अजून दोन छर्रा बाकी शेतस," सुनंदाबाईंनी बजावलं आणि कुणाची वाट न पाहता दोन्ही उडवले. दोन फुगे फुटले.

हितेंद्रभाऊ बघत राहिले. दोऱ्याने चष्मा बांधलेली बाई, तीच नळी, आणि चारपैकी चार. हा हिशेब त्यांच्या एकवीस वह्यांत कुठेच बसत नव्हता. हिलालने नळी काढून दिली, आठशे मागितले नाहीत, उलट सुटल्यासारखा नमस्कार केला. हितेंद्रभाऊही घासाघीस करायची विसरले.

परतीच्या वाटेवर ते एकटेच पुन्हा पुन्हा म्हणत होते, "नळी सरळ. मग वाकडं काय?" शेजारच्या सीटवर नळी होती. ती काही बोलली नाही.

धुळ्याला पोचले तेव्हा पावणेदोन झाले होते. मैदानाच्या पायऱ्यांवर मोहिनी आणि रत्ना मॅडम बसल्या होत्या. नळी हातात धरून हितेंद्रभाऊ समोर उभे राहिले.

"उशीर झाला," ते म्हणाले. "माझ्यामुळे गेलं पोरी तुझं."

"चौथी आले, पप्पा."

"कशाने?"

"मॅडमच्या क्लबच्या रायफलीने. गाडीतच होती. त्या तेच सांगत होत्या, तुम्ही निघून गेले."

हितेंद्रभाऊ खालच्या पायरीवर बसले. मग त्यांनी मॅडमना विचारलं, "तुमच्या रायफलीची नळी कधी बदलली?"

"बदललीच नाही. पंधरा वर्षं झाली. छर्रा शिशाचा असतो साहेब, मऊ. नळीला काही होत नाही. मोहिनीने सांगितलं मला सगळं. बावन्न हजारांचीही गरज नव्हती आणि चौदाचीही."

"मग शेडमध्ये आठ आणि सात का येत होते?"

मॅडमनी मोहिनीकडे पाहिलं. मोहिनी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागली.

"आज मागे कुणी नव्हतं," ती हळूच म्हणाली. "छर्रा सुटला की पैसे ऐकू येत नव्हते."

हितेंद्रभाऊंनी तपासणीच्या टेबलावरून मोबाइल आणला, आणि वाटेत तिघांसाठी उसाचा रस घेतला. रसवाल्याने सुटे परत केले, ते त्यांनी मोजले नाहीत. मोहिनीने हे पाहिलं आणि दोन घोट जास्त प्यायली.

जड नळीचं नंतर बरंच झालं. हिलालने ती चार हजारांना घेतली. ती नेमकी चुकते अशी त्याने आधी यात्रेत खात्री करून घेतली होती.

राज्य स्पर्धेला महिना होता. जुनी नळी रायफलीत बसली आणि शेडमध्ये सराव पुन्हा सुरू झाला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दीपमालाबाई चहा घेऊन आल्या, तर हितेंद्रभाऊ शेडच्या बाहेर, केळीच्या खोडाला टेकून उभे होते. आतून ठराविक वेळाने टप्प असा आवाज येत होता.

"काय मारते पोरगी?" दीपमालाबाईंनी विचारलं.

"मले काय माहीत?" हितेंद्रभाऊ चहाचा कप घेत छाती पुढे काढून म्हणाले. "मी बाहेर हाये."