वीतभर वर आलेली जमीन

"यंदा माझ्या घरात माणसं कोट काढून बसतील. मग त्यापायी घर उकरावं लागलं तरी बेहत्तर!" असं जाहीर करून डिंफनानं स्वयंपाकघरातली पहिली फरशी पहारीनं उचकटली.

तिचंही बरोबरच होतं. गावात पाळीपाळीनं घरोघरी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, होते. फादर येतात, शेजारपाजार जमतो, मग चहा-फराळ. मागे डिंफनाची पाळी आली, तेव्हा दगडी भिंतींना असा घाम फुटला होता, की लोकांनी कोटाचं बटणसुद्धा सोडलं नाही. प्रार्थना संपताच सगळे पसार. तिचे केक शेवटी कोंबड्यांनी संपवले.

नवरा फर्गस कामाला लागला. हातभर खणायचं, काचेचे फुगीर खडे पसरायचे, वर चुन्याचा कोबा. ओल खाली, ऊब वर. पण थोडं खणलं नाही, तोच पहार खणकन वाजली. आयर्लंडचा हा अख्खा क्लेअर परगणा कातळावर बसलाय. त्याचा एक कोपरा नेमका डिंफनाच्या चुलीपुढे निघाला.

"आता रे?"

"आता काय? खाली जाता येत नाही, तर वर जाऊ!"

जमीन वीतभर वर आली. घराचं एकुलतं एक दार अडकलं, म्हणून ते खालून कापलं. जरा जास्तच कापलं गेलं नि वारा शिरू लागला, म्हणून फर्गसनं खाली मेंढीच्या लोकरीचा जाड पट्टा ठोकला. भिंतींना चुना नि भांगेच्या काड्यांचा गिलावा चढला, तशी खोली आक्रसली आणि भांड्यांचं कपाट गोठ्यात राहायला गेलं.

शेजारीण कन्सेप्टा बघायला आली, ती चौकटीवर कपाळ आपटूनच. "अगं बाई! घर दुरुस्त केलंस की लहान केलंस?"

"ते सोड. ऊब बघ, ऊब!"

"बघते हं. आधी तारे बघून होऊ देत."

मिस्सेच्या दिवशी आभाळ फाटलं होतं. भिजलेलं गाव वाकून वाकून आत आलं. उंचेले फादर मलाकी तर इतके वाकले, की लोकांनी लगबगीनं हात जोडले. डिंफना श्वास रोखून कोटांकडे बघत होती. पहिलं बटण सुटलं ते कन्सेप्टाचं. मग कोटांची ही रास पडली! प्रार्थना झाली, केकचा फडशा उडाला, किटलीला उसंत मिळेना. फादरांनी तर बूट काढून तळपाय कोब्यावर टेकले आणि डोळे मिटले.

तेवढ्यात फर्गस घामाघूम होऊन तिच्या कानाशी लागला. "दार उघडत नाहीये गं! ओल्या कोटांची वाफ सगळी त्या कापलेल्या लाकडानं प्यायली. फुगून बसलंय!"

"कुणाला कळलंय?"

"अजून तरी नाही. उठतंय कोण?"

"मग बोंबलतोस कशाला?" डिंफना पदार्थांचं ताट सावरत कुजबुजली. "आणखी एक किटली चढव."