लिव्हर पसरलंय!

मी एकदा मनावर घेतलं की घेतलं! घराच्या मागे, स्वयंपाकघराची भिंत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये आमची चार हात रुंदीची एक पट्टी आहे. ऊन तिथे चुकूनसुद्धा येत नाही. माती अशी निकस की गवतानेही तिच्याकडे पाठ फिरवली. वर बारा महिने ओल! अशा जागी जे व्हायचं तेच झालं होतं. सगळीकडे शेवाळ.

"माळी बोलवू या," बायको म्हणाली.

"माळी? एवढ्याशा शेवाळासाठी? आठ दिवसांत फुलझाडं लावून दाखवतो!"

बायकोने नुसती मान डोलावली. शाळेत शिकवते ती. पोरांच्या थापा ऐकून ऐकून तिने चेहरा कोरा ठेवायची कला कमावली आहे.

मी ऑफिसातून पाच दिवस रजा काढली. सोमवारी सगळं खरवडलं. गुरुवारी सगळं परत! तेही नुसतं शेवाळ नाही. त्याच्यात एक चपटं, हिरवं, कानाच्या पाळीसारखं काहीतरी जमिनीला असं चिकटलेलं, की कागदावर मारलेला शिक्काच. वर त्याला बारक्या बारक्या छत्र्या! मी एक तुकडा डबीत घालून नर्सरीवाल्याकडे नेला.

"साहेब, हे लिव्हरवर्ट. आम्ही नुसतं लिव्हर म्हणतो," तो म्हणाला. "चिवट असतं. वाढलं तर फोन करा."

शुक्रवारी सकाळी मी फोन केला. आमच्या घरात रेंज फक्त मागच्या भिंतीपाशी येते, आणि तीही ओरडून बोललं तरच.

"हॅलो! हो, लिव्हरच! पसरलंय हो सगळीकडे! ... काढलं तरी परत येणार? ... किती? सहा महिने? ... नाही, बायकोला अजून काही बोललो नाही. तिला वाटतंय मी सगळं ठीक करीन ... बरं, दुपारी तीनला या. येताना धारदार काहीतरी घेऊन या!"

भिंतीपलीकडे बादली पडल्याचा आवाज झाला. शेजारच्या काकू कपडे वाळत घालत असतील, असं म्हणून मी दुर्लक्ष केलं.

दहा मिनिटांत काकू दारात! पदराने डोळे पुसत माझ्याकडे बघत होत्या.

"मागून ऐकू आलं रे," त्या म्हणाल्या. "लपवून ठेवलंस ना आमच्यापासून?"

"लपवायचं काय त्यात, काकू? लाज वाटते म्हणून बोललो नाही, इतकंच."

"दुखतं का?"

"कंबर दुखते. दुसरं काही नाही."

"मग आता?"

"खरवडायचं. मुळासकट!"

काकू मटकन खुर्चीत बसल्या. "आमच्या मोठ्या दिरांना हेच होतं. त्यातच गेले."

"घसरून?"

काकूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मलाच माझी दया आली. "डोक्यापर्यंत गेलंय बहुतेक," असं पुटपुटत त्या निघून गेल्या. मला वाटलं, वयामुळे होतं असं.

काकू आणि माझी वहिनी एकाच शिवणवर्गात जातात. आता वहिनीचा नवरा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, दादा. त्याची मोटार ड्रायव्हिंग शाळा आहे आणि आमचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. कारण विचाराल तर तो मला गाडी शिकवत होता. तिसऱ्या दिवशी मी त्याची गाडी त्याच्याच फाटकावर घातली. तो म्हणाला, "तुझं चुकलं." मी म्हणालो, "फाटक चुकीच्या जागी आहे." झालं! दोन वर्षं!

तर साडेबारा वाजता दारासमोर कचकन ब्रेक लागला आणि दादा आत आला. दोन्ही हातांत फळांच्या पिशव्या. आल्या आल्या त्याने मला मिठी मारली. पिशवीतलं सफरचंद माझ्या पाठीत रुतलं, पण मी हललो नाही.

"शिकवणी सोडून आलोय रे," तो हुंदका देत म्हणाला. "एक बाई रिव्हर्स शिकत होत्या. त्यांना तिथेच सोडलं. अजून मागे मागेच जात असतील!"

"पण दादा, झालंय काय?"

"मला विचारतोस? लिव्हर एवढं पसरेपर्यंत गप्प बसलास, आणि मला विचारतोस?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला! काकू, बादली, मोठे दीर, सगळं एकदम समोर उभं राहिलं. मला हसू फुटणार होतं. सांगून टाकायला मी तोंड उघडलंही. तेवढ्यात दादा माझा हात धरून म्हणाला, "तुझंच बरोबर होतं. फाटक चुकीच्या जागी आहे."

मी तोंड मिटलं.

खरं सांगतो, मंडळी, माणूस मोहाला बळी पडतो तो असा. दोन वर्षं ज्या वाक्यासाठी जीव तळमळला, ते वाक्य फुकटात मिळत होतं!

"काय म्हणालास?" मी बारीक आवाजात विचारलं.

"फाटक चुकीच्या जागी आहे. उद्याच काढून दुसरीकडे बसवतो."

मी गादीवर आडवा झालो. त्याने माझ्या अंगावर पांघरूण घातलं, उशाशी खुर्ची ओढली आणि माझा मोबाइल बंद करून खिशात टाकला. "आराम!" म्हणाला. सफरचंद कापून एकेक फोड मला भरवायला लागला. मी कूस बदलली की त्याचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबायचा. तीस वर्षांची सवय! लहानपणी मला ताप आला की तो असाच बसायचा. तो आईला बोलवायचा नाही, स्वतःच बसायचा. ते आठवलं आणि मी आणखी एक फोड मागून घेतली. आता सांगू, मग सांगू, असं करता करता तीन वाजले. बेल वाजली आणि मला घाम फुटला. नर्सरीवाला!

दार दादाने उघडलं. मला आतून सगळं ऐकू येत होतं.

"लिव्हर बघायला आलोय. कुठंय?"

"आत झोपलाय. या डॉक्टर. पण ... हे हातात काय?"

"खुरपं. आधी ह्यानं वरवर खरवडू. नाही निघालं तर कुदळ आहे गाडीत."

मग दादाचा चिरका आवाज, "आणि भूल?"

"भूल कशाला? चुना मारू! मग काट्यानं भोकं पाडायची, बोटबोट खोल. आत हवा खेळली पाहिजे!"

दादा दाराची चौकट धरून खाली बसायच्या बेतात होता. मी पांघरुणासकट बाहेर धावलो आणि एका दमात सगळं सांगितलं. शेवाळ, छत्र्या, रेंज, काकू, सगळं! दादाचा चेहरा आधी पांढरा होता, मग गुलाबी झाला, मग लाल.

"म्हणजे तुला काहीच झालेलं नाही?"

"नाही."

"फाटक बरोबर जागी आहे!" तो गरजला. "आणि तिथेच राहील! दाखव ते तुझं लिव्हर!"

तो तरातरा मागच्या दाराने बाहेर पडला. "दादा, जपून, तिथे ..." मी म्हणेपर्यंत त्याचा उजवा पाय हिरव्यावर पडला. त्याने सवयीने ब्रेक दाबला. पण जमिनीला कुठला ब्रेक? सबंध शहराला गाडी थांबवायला शिकवणारा माणूस स्वयंपाकघराच्या खिडकीपासून पार कुंपणापर्यंत घसरत गेला आणि उताणा पडला!

नेमकी त्याच वेळी बायको आली. वहिनीने शाळेत फोन करून तिला घाबरवलं होतं. मागोमाग काकूही आल्या.

"भाऊजी! लागलं का?"

दादा उठेना. डोळे सताड उघडे. मी गुडघ्यांवर बसलो. "दादा! बोल ना रे!"

"गप्प बस," तो म्हणाला. "माझ्या कपाळावर काहीतरी पडतंय."

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. गच्चीवरच्या टाकीचा पाइप भिंतीतून जरासा बाहेर आला होता. त्याच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. सुटला. टप्! दुसरा लोंबायला लागला.

"हे घ्या!" नर्सरीवाला म्हणाला. "वर्षभर ठिबकत असणार. आधीच सावली, माती निकस, वर हे पाणी! लिव्हर माजणार नाही तर काय होणार? खुरपं राहू द्या, आधी पाइप नीट करा." मग माझ्याकडे वळून त्याने सहज विचारलं, "साहेब काय करतात?"

मी पायजम्याचा चिखल झटकायला लागलो.

"पाणीपुरवठा खात्यात आहेत," बायको कोऱ्या चेहऱ्याने म्हणाली. "शहरातली गळती शोधतात. अठरा वर्षं झाली."

आधी काकूंना ठसका लागला. मग दादा हसायला लागला. शेवाळात उताणा पडून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! मीही त्याच्या शेजारी बसलो. सगळी ओल पायजम्यातून आत आली, तरी उठावंसं वाटेना.

दादाचा घोटा सुजला होता, त्यामुळे तो मुक्कामाला राहिला. वहिनीही आली. दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. शिडीवर चढता चढता थांबला आणि माझ्याकडे निरखून बघायला लागला.

"साहेब, मागच्या महिन्यात आम्हा प्लंबर लोकांना गळती कशी ओळखायची, त्याचं शिबिर तुम्हीच घेतलं होतं ना?"

"मी? छे! माझा भाऊ असेल. आम्ही दोघं सारखेच दिसतो."

"हाच तो!" दादा खुर्चीतून ओरडला. "नीट बघून घे ह्याला! हाच!"