दोनशे ग्रॅमच्या आतली केटली

केटली पारखण्यात माझा हात धरणारं माणूस या रायपुरात नाही! ही बढाई आहे, मला ठाऊक आहे. पण एकोणतीस वर्षं मी मालगाडीच्या गार्डाची बायको होते, आणि मालगाडीचा गार्ड दोनच गोष्टींवर जगतो: हिरवी झेंडी आणि कडक चहा. झेंडी रेल्वे देते. चहाचं बायकोला बघावं लागतं.

हे गार्ड झाले त्याच महिन्यात, अठ्ठ्याहत्तर साली, मी गोलबाजारात सतरा केटल्या नाकारून अठरावी घेतली. टिचकी मारून आवाज ऐकला, उजेडाला धरून भोकं शोधली, तोटीतून पाणी ओतून धार ओघळते का ते पाहिलं. दुकानदार कंटाळून म्हणाला, "बाई, बर्तन ले रही हो कि दामाद?"

मी म्हटलं, "दामाद साल में दो बार आता है भैया, ये रोज ड्यूटी पे जाएगी!"

आणि गेली. गार्डाच्या डब्यातल्या, म्हणजे ब्रेकव्हॅनमधल्या सिगडीवर बसून ती डोंगरगड, भाटापारा, बिलासपूर सगळीकडे उकळली. दोन हजार सात साली मार्चमध्ये हे रिटायर झाले आणि जूनमध्ये गेले. केटली राहिली. भांड्यांचं हेच वाईट असतं, ती वेळेवर जात नाहीत.

यांची एकच इच्छा होती, बर्फ पाहायची. "कले, एकदा बर्फाच्या पाण्याचा चहा करू आपण," असं म्हणत दरवर्षी पठाणकोटपर्यंतच्या रेल्वे पासचा अर्ज भरायचे. एका वर्षी माझं ऑपरेशन निघालं, एका वर्षी पोराची परीक्षा, बाकीच्या वर्षी बदली गार्ड मिळाला नाही. शेवटचा पास तर आला होता. तो अजून माझ्या कपाटात आहे, साडीच्या घडीत.

म्हणून माझी नात दीक्षा मैत्रिणींबरोबर हिमाचलला पाठीवर ओझं घेऊन चढणार म्हणाली, तेव्हा मी मनात ठरवून टाकलं. हे नाही तर नाही, यांची केटली तरी बर्फ पाहील!

पण दीक्षाचं ओझं म्हणजे सोन्याचं दुकान होतं. प्रत्येक वस्तू मोजून पिशवीत जायची. पोट्टीने कपड्यांच्या आतली लेबलं कापली. टूथब्रशची दांडी अर्धी कापली आणि "आठ ग्राम बचे!" म्हणून नाचली. मग मोबाईलवर केटल्या पाहत बसली. एक टायटॅनियमची, एक घडी होणारी रबरासारखी.

"आजी देख, ये दब के चपटी हो जाती है!"

"केटली हाय का टोपी? उकळतं पाणी टाकल्यावर थे बसून गेली तं?"

"नहीं बैठती आजी."

"माणसं बसतात मा, केटलीचं काय घेऊन बसली! थांब."

मी आमची केटली आणून समोर ठेवली. दीक्षाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पोरीने आजोबांना पाहिलेलं नाही असंच म्हणायचं, हे गेले तेव्हा चार वर्षांची होती. पण माझा चेहरा तिला वाचता येतो. तिने एकदम नाही म्हटलं नाही.

"आजी, दो सौ ग्राम से ऊपर कुछ नहीं ले जा सकती. दो सौ के अंदर ला दे, पक्का ले जाऊँगी."

"पक्कं?"

"पक्का. लेकिन सोमवार को ट्रेन है."

त्या दिवशी गुरुवार होता.

आता वजन म्हटलं की पहिल्यांदा वजन करावं लागतं. दीक्षाचा स्वयंपाकघरातला काटा प्लास्टिकचा. एकदा चारशे दाखवायचा, एकदा तीनशे सत्तर, आणि कोणी जवळून चालत गेलं तर तीनशे नव्वद. अशा काट्यावर मी यांची केटली ठेवायची? आमच्या घरात खरं वजन एकाच ठिकाणी होतं. माझी पोत जिथे झाली तिथे, सदर बाजारात, देवीदास सोनाराकडे!

शुक्रवारी सकाळी केटली पांढऱ्या पंच्यात गुंडाळली, पिशवीत घातली, कोणाला काही न सांगता ई-रिक्षात बसले. दीक्षाला चकित करायचं होतं ना!

देवीदासने पंचा सोडला आणि आत पाहून पुन्हा झाकला. त्याला वाटलं, चुकीची पिशवी आली.

"दाई, ये क्या है?" इकडे म्हातारीला आईच्या मानाने दाई म्हणतात.

"केटली. तोल दो. फिर हलकी कर दो."

"मेरे यहाँ आज तक कोई वजन कम कराने नहीं आया, दाई!"

पण जुनी ओळख. त्याने चांदीच्या काट्यावर ठेवली. तीनशे शहाऐंशी. मग त्याने वरची कडी, झाकणाची गुंडी, तोटीवरची पट्टी, सगळं नाजूक करवतीने उतरवलं. तीनशे सव्वीस! कडीवरची लाकडी मूठ मात्र मी हातात मागून घेतली. यांची हिरव्या झेंडीची दांडी एकदा मोडली होती. तिचाच वीतभर तुकडा उभा चिरून, दोन फाका तांब्याच्या तारेने कडीवर बांधून यांनी ती मूठ केली होती. ती मी बटव्यात टाकली. उघड्याबोडक्या केटलीकडे पाहून मला कसंसंच झालं. दवाखान्यात यांचा चष्मा नि घड्याळ काढून माझ्या हातात दिलं होतं, तसं.

डोळे पुसत मान वर केली, तर समोर शेजारची शर्मिष्ठा! पैंजण जोडून घ्यायला आली होती.

"काकू, तुम्ही? इथं?"

"काई नाई, असंच."

"रडून राहिले का?"

"धूळ गेली."

रायपुरात हे कारण कोणालाही पटायला हवं. शर्मिष्ठाला पटलं नाही. तिने पाहिलं ते एवढंच: सोनाराचा काटा, पांढऱ्या कपड्यातली वस्तू, रडणारी विधवा म्हातारी, आणि "घरी सांगू नको" अशी विनवणी. होय, मी तेही म्हणाले होते. मला दीक्षाला चकित करायचं होतं!

माझी ई-रिक्षा गुढियारीला घरी पोहोचेपर्यंत बातमी पोहोचून, चहा पिऊन बसली होती. दारातच माझी सून भावना डोळे लाल करून उभी.

"आई, माह्याकडून काही कमी पडलं का?"

"काहून? डाळ छान झाली होती."

ती पदर तोंडाला लावून आत पळाली. मला वाटलं, डाळीबद्दल बोलायला नको होतं. तेवढ्यात गोंदियाहून नणंदेचा फोन. "वहिनी, भाऊ असता तं असा दिवस आला असता का?" आणि तीही रडायला लागली! मी पण रडले. कशासाठी ते कळत नव्हतं, पण भाऊ असता तर, हे तर खरंच होतं.

संध्याकाळी संघर्ष, माझा मुलगा, सिलतऱ्याहून आला. प्लांटमधून येतो तेव्हा त्याचे फक्त डोळे आमचे असतात, बाकी सगळी काजळी. आज तो हात न धुताच समोर बसला.

"माय, पोत दाखव."

"कोणती?"

"बाबाने केलेली. मले फक्त पाहायची हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला! मी कपाटातून डबी आणून त्याच्यापुढे आपटली. पोत होती, डोरलं होतं, कानातलेसुद्धा होते.

"झालं समाधान? माय पोत विकून राहिली म्हणे!"

"मंग सोनाराच्या काट्यावर तू काय ठेवलं?"

आता लपवून उपयोग नव्हता. मी पंचा सोडला. सगळे केटलीकडे पाहत राहिले. भावना हसली, सुटल्यासारखी, मग मोठ्याने. मीही हसणार होते. पण संघर्ष हसला नाही. त्याने केटली उचलली, पण धरायची कुठे तेच त्याला कळेना.

"मूठ कुठं गेली?"

मी बटव्यातून काढून दिली. दात येत होते तेव्हा हा कार्टा तीच मूठ चावत बसायचा. अजून त्यावर चार खुणा आहेत. त्याने काळ्या अंगठ्याने त्या खुणा एकेक करून चाचपल्या.

"बर्फ पाहायले पाठवून राहिली का बाबाले?" तो म्हणाला.

"व्हय. अजून सव्वाशे ग्रॅम काढायचे हायेत."

"मंग सांगायचं ना मले! आतमधी पाहिलं का तू? हे पाय, केवढं पुट चढलं. शंभर ग्रॅम तं हेच भरते. लोखंडाच्या प्लांटमधी हाव मी, मले शिकवते का?"

आणि शनिवारी आमच्या घरात कारखाना सुरू झाला. संघर्षने सुट्टी काढली. केटलीत लिंबं पिळली, व्हिनेगर ओतलं, फेस आला, मग चमच्याने, मग बोथट सुरीने खरवडायला बसला. झाडाच्या बुंध्याच्या सालीसारखे पांढरे-पिवळे थर निघायला लागले. मी बाजूला बसून ओळखत होते.

"हे जाड थे भाटापाऱ्याचं. तिथलं पाणी फारच खारट."

"आणि हे लाल?"

"डोंगरगडचं असन. पुरात गाडी दोन दिवस अडकली होती नं."

यांच्या सगळ्या ड्यूट्या तिथे थराथराने बसल्या होत्या, आणि आम्ही त्या वर्तमानपत्रावर काढून ठेवत होतो. बाहेरून भावनाने राखेने घासली. मी उन्हात वाळायला छतावर ठेवली, तर अर्ध्या तासात तिच्यावर उरल्याच्या कारखान्यांची काळी धूळ बसून वजन पुन्हा वाढलं! पुसली. सोनाराकडे आता संघर्षच घेऊन गेला, उघड्यावर, हातात धरून, शर्मिष्ठाच्या दारावरून मुद्दाम दोनदा फिरून.

परत आला तो ओरडतच. "माय! दोनशे एकतीस!"

"म्हणजे एकतीसच राहिले!"

"झाकण नको पाठवू. झाकण पन्नासाचं हाय. झालं काम!"

माझ्या अंगात एकदम वीस वर्षांची बाई शिरली. मी म्हटलं, पहिलं पाणी मीच उकळणार! केटली काठोकाठ भरली, गॅसवर ठेवली, आणि गॅस विझला.

पुन्हा पेटवला. पुन्हा विझला.

संघर्षने केटली उचलून उजेडाला धरली. बुडातून तीन बारीक धारा, सरळ, एकसारख्या, शांतपणे खाली येत होत्या. उजेडाला धरून भोकं शोधायची हे मीच तर शिकवलं होतं. ॲल्युमिनिअम कधीचंच झिजून गेलं होतं. इतकी वर्षं पाणी धरून होतं ते वरचं पुट.

"माय," संघर्ष हळूच म्हणाला, "आपण केटलीच खरवडून काढली वो."

वर्तमानपत्रावरचं भाटापारा आणि डोंगरगड भावनाने गुंडाळून हातात धरलं होतं. फेकू की ठेवू, असं तिने डोळ्यांनीच विचारलं.

रविवारी दीक्षा मैत्रिणीकडून आली ती नवी टायटॅनियमची केटली घेऊन. तिने ती मला वाईट वाटू नये म्हणून ओढणीखाली लपवली होती. आमच्या ओट्यावर खाली ताटली ठेवलेली केटली तिने पाहिली. तिच्या बापाने सगळं सांगितलं.

"आजी, तूने मेरे लिए..."

"तुह्यासाठी नाई. त्यायच्यासाठी. जाऊ दे. थे नवी दाखव."

पारखायची खोड जात नाही. टिचकी मारली, आवाज पातळ, पण खरा. धार सरळ. मग गॅसवर पाणी ठेवलं. उकळी आली तशी दीक्षाने कडी धरली आणि किंचाळली! तारेची उघडी कडी, दोन बोटं भाजली.

"हातानं धरायचं ठिकाण द्यायचं कोणाच्या डोक्यात आलं नाई का?" असं म्हणत मी बटव्यात हात घातला. मुठीच्या दोन फाका त्या कडीवर अशा बसल्या, जशा मापानेच केल्या होत्या. संघर्षने तांब्याची तार पिळून बांधली. दीक्षाने पुन्हा कडी धरली, आणि धरूनच उभी राहिली.

"कितने ग्राम की है?" तिने नाक पुसत विचारलं.

"चौदा," मी म्हटलं. देवीदासने मोजली होती.

"तो चौदा ग्राम कहीं से निकालने पड़ेंगे." ती आत जाऊन पिशवीत खुडबुड करून आली. "हो गया. दादाजी चल रहे हैं."

सोमवारी स्टेशनवर मी रडले नाही. गार्डाच्या बायका गाडी सुटताना रडत नाहीत.

दहाव्या दिवशी फोटो आला. मागे पांढरा डोंगर, दगडांच्या आडोशाला निळी ज्योत, वर केटली, आणि मुठीवर दीक्षाचा हात. मी तो फोटो आमच्या पाऱ्यात, सगळ्या मोहल्ल्यात दाखवला. शर्मिष्ठाला तर तीन वेळा. संध्याकाळी फोन आला.

"आजी! बर्फ डाल के ही पानी उबाला, तेरी कसम!"

"आणि चहा? चहा कसा झाला वो?"

"चाय तो... आजी, वो चौदा ग्राम निकालने थे ना. चायपत्ती की पुड़िया घर पे ही छोड़ दी थी."

"मंग प्यायले काय तुम्ही?"

"गरम पानी. अच्छा था आजी, सच्ची."

मी फोन ठेवला आणि दीक्षाच्या खोलीत गेले. पुडी तिच्या टेबलावर होती, अर्ध्या टूथब्रशच्या तुकड्याशेजारी.

झेंडी पोहोचली. चहाचं बायकोने बघायला हवं होतं.