पंगासाच्या तळ्यास शेतीदर मिळाला ते वर्तमान

सकल जलचर, भूचर आणि सरकारी कचेऱ्यांतून चपला झिजविणारे जे थोर जीव, त्यांसी प्रथम आदाब करून, मग ऐकिले व पाहिले ऐसे दोन्ही एकत्र मेळवून, ही हकीकत लिहिली असे. लेखकाने पदरचे काही घातले नाही. घातले असल्यास तिखटमीठ तेवढेच.

बंगाली सन चौदाशे एकतीस, चैत्रमासी, मैमनसिंह प्रांती, त्रिशालनजीक मौजे शालकांदी येथे राजमान्य राजश्री मोतालेब मृधा, पंगास मत्स्यांचे अधिपती, दोन बिघे तळ्याचे धनी, सुखे राज्य करीत होते. तीस वर्षांत त्यांनी या तळ्याखेरीज दुसरा मुलूख पाहिला नाही, आणि पाहावासा वाटलाही नाही. तळ्यात पंगास सहा हजार, पैकी निम्मे आपणांस चेहऱ्याने ठाऊक, ऐसे ते स्वमुखे सांगत. पंगासांचा चेहरा अवघा एकच असतो, परंतु सांगणाराची भक्ती पाहून लोक मान डोलावीत आणि आपापल्या कामास लागत.

ऐशा समयी वीज दफ्तरातून फर्मान सुटले की, पंपाचे पाणी भातास वा भाजीस दिल्यास ती शेती, आणि माशास दिल्यास तो व्यापार. सबब माशाच्या पाण्यास विजेचा दर दुपटीने घ्यावा. वास्तविक पंप तोच, वीज तीच, पाणीही तेच. परंतु सरकारास मासा ताटात ठाऊक, तो पिकवावा लागतो हे ठाऊक नाही. चैत्राचे ऊन्ह असे की ताजे पाणी न सोडिल्यास पंगास तोंडे वर करून धापा टाकू लागत. खाद्य महागले, पंगासाचा भाव होता तेथेच बसला, आणि वर हा दर. तेव्हा तळे राखून घरात मागे काही उरेना. पलीकडे वीटभट्टीवाला तळ्याच्या मातीवर डोळा ठेवून टपलाच होता. बैशाख लागेतो शेतीदर न मिळाल्यास तळे त्याचे हवाली करावे, ऐसे मृधांनी ठरविले आणि त्या दिवसापासून त्यांची अन्नावरची वासना उडाली.

मग त्यांनी दफ्तरी तीन अर्ज इरसाल केले आणि तिन्हींस एकच जबाब आला, तो ऐसा की, मासा जमिनीत उगवत नाही. तीन वेळा शिकस्त खाऊन मृधा ओसरीवर बसले असता त्यांच्या कबिला कोहिनूर बिबी, ज्यांनी तळ्याच्या बांधांवर मांडव घालून दुधीभोपळ्याचे वेल पाण्यावर सोडिले होते, आणि ज्यांच्या दुध्याची मृधांनी सदैव थट्टाच केली होती, त्या मसलतीस बसल्या.

"तीन अर्ज माशाच्या नावानं केलेत," त्या म्हणाल्या. "आता एक माझ्या दुध्याच्या नावानं करून बघा."

"दुध्याला पंप कशाला लागतोय, मिनूची आई? तो तर लोटाभर पाण्यावर माजतो."

"ते तुम्हाला माहीत. साहेबाला कशाला सांगायला जाता?"

ही मसलत सर्वांस मानवली. चौथा अर्ज दुधी बागायतीचा गेला, आणि दफ्तराने मुलाहिजा करून खासा निरीक्षक बदरुद्दोजा साहेब यांची स्वारी मंगळवारी दुपारी पाहणीस येईल ऐसे कळविले.

मग बंदोबस्त जाहला तो ऐसा. खाद्याची पोती पेंढ्याखाली दडविली, जाळी शेजारच्या आवारात रवाना केली, आणि पंगासांनी तळाशी निजून राहावे म्हणून त्यांस पहाटेच पोटभर चारिले. मोठे संकट निराळेच होते. खाद्य टाकण्यापूर्वी मृधा रोज डबा तीन वेळा बडवीत, आणि तो आवाज ऐकताच सहा हजार पंगास एकदम वर उसळत. पोट भरले असो वा नसो, डब्याचा हुकूम त्यांनी कधी मोडिला नव्हता. सबब घरातील पत्र्याचा डबा, झाकण, कढई, वाजेल ते दरोबस्त पलीकडल्या पाड्यात पोहोचविले, आणि डब्यातले मुरमुरे मडक्यात ओतून ठेविले.

नेमल्या समयी बदरुद्दोजा साहेबांची स्वारी मोटरसायकलीवरून डेरेदाखल जाहली. साहेब बारिसालचे, जेथे नद्याच नद्या आणि माशाविना घास उतरत नाही; अंगाने किरकोळ, कायद्याने कडक. त्यांनी मांडव पाहिला, दुधी पाहिले, एकास नख लावून कोवळेपणाची खातरजमा केली, आणि मग ते तळ्याकाठच्या मीटरकडे वळले. मीटरवर पत्र्याची पेटी होती. घरातला सर्व पत्रा हलविला, परंतु ही पेटी सरकारची, तीस कोण हलविणार? आतला आकडा अडकला ऐसे वाटून साहेबांनी खिशातून पेन काढिले आणि पेटीवर ठोकिले. एकदा, दोनदा, तीनदा.

तत्क्षणी तळे उकळले. या काठापासून त्या काठापर्यंत पाणी दिसेना, तोंडेच तोंडे दिसू लागली, आणि शेपटांच्या फटकाऱ्यांनी साहेबांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारिले.

"बेडूक," कोहिनूर बिबी म्हणाल्या.

येथे मृधांनी गप्प राहावे ऐसा ठराव होता. परंतु आपली फौज ऐशी डोळ्यांदेखत उभी ठाकली असता तीस बेडूक म्हटलेले कोणत्या सरदारास सोसेल?

"बेडूक काय म्हणतेस? साहेब, तो कोपऱ्यातला बघा, डोक्यावर डाग असलेला. सव्वादोन किलोच्या खाली नाही. आणि त्याच्यामागचा? अख्ख्या त्रिशालात असा पंगास दाखवा मला."

बोलून गेले आणि मग त्यांस आपण काय बोललो ते कळले. कोहिनूर बिबींनी कपाळास हात लाविला. साहेब काठाशी उकिडवे बसून एकेक मासा न्याहाळू लागले. मनुष्य कडक खरा, परंतु बारिसालचा. मासे पाहून त्याचे चित्त द्रवले.

"हे बघा भाई, मी दुधीच लिहितो," साहेब म्हणाले. "मासे काय, पावसात वाहून आले असतील. आपोआप आलेत, पाळलेले नाहीत, एवढ्यावर सही करा. मीही सुटतो, तुम्हीही सुटता."

मृधांनी पेन हाती घेतले. एक सही, आणि तळे वाचत होते. पेन कागदावर टेकले आणि तेथेच थांबले.

"वाहून नाही आले, साहेब," ते हळूच म्हणाले. "बोटाएवढी पिल्लं होती. हंडीत घालून आणली मी, सबंध वाटभर हातानं पाणी हलवत. हात थांबला असता तर मेली असती. ही सही माझ्यानं नाही होणार."

त्यांनी पेन परत केले. त्यांचे डोळे भरून आले होते, हे लेखकाने पाहिले आणि ते दडविण्याचे कारण नाही. मोहीम बुडाली ऐसे सर्वांस वाटले.

तेव्हा कोहिनूर बिबी पदर खोचून पुढे जाहल्या.

"मग मी करते सही. पंप उभा आहे तो बांध माझ्या अब्बांच्या वाटणीतला, कागद आहे माझ्याकडे. दुधी माझा. त्याला पाणी मी देणार. आता माझ्या आळ्यांतनं ओसंडून ते खाली तळ्यात पडलं, तर पाण्याला मी काय मना करू, साहेब?"

साहेबांनी नियमाचे पुस्तक काढून पुढून मागे व मागून पुढे चाळिले. पाणी कोणास द्यावे हे लिहिले होते. ओसंडून कोठे जावे याविषयी सरकार मौन होते. मग त्यांनी मीटर बिबींचे नावे करण्याची तजवीज केली, बिबींनी सही केली, आणि शेतीदराची सनद आठवड्यात बहाल जाहली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते होऊन तळे राहिले, आणि वीटभट्टीवाला माती न घेताच माघारी गेला. बांधावर पाट खोदिला. पाणी प्रथम दुध्याच्या आळ्यांतून फिरते आणि मग उंचावरून तळ्यात कोसळते, तेणेकरून पंगास अधिकच तरतरीत जाहले. सरकारी दफ्तरी नोंद ऐसी: कोहिनूर बिबी, बागायतदार. मोतालेब मृधा यांचे नाव कोठेच नाही. पंपाच्या खोलीची किल्ली बिबींचे कमरेस असते, आणि रोज दुपारी मृधा ती मागावयास येतात.

"कशासाठी हवंय पाणी?" बिबी विचारतात.

"दुध्यासाठी," मृधा म्हणतात. परंतु तळ्याकडे पाठ करून, आणि इतके हलके की पंगासांस ऐकू जाऊ नये.